उंदीर कुठल्या जातीचा तेही छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक जीन काढला आणि उंदीर तमुक आजारातनं वाचले. मग इथे नाशिकला फार्मसीच्या वर्गात पोरं लगेच विचारतात, मॅडम औषध कधी येणार? औषधाचं राहू दे, आधी तो उंदीर नक्की कोणता ते तरी कळू दे.

जुने नॉकआउट, म्हणजे जीन काढलेले, उंदीर बहुतेक १२९ नावाच्या जातीच्या स्टेम सेलमधे जीन बिघडवून केलेले, मग ब्लॅक ६ जातीशी पिढ्यानपिढ्या क्रॉस करायचे म्हणजे १२९ चं सगळं धुऊन जातं असा हिशोब. पण काढलेल्या जीनच्या अगदी शेजारी जे बसलंय ते सहसा सुटतच नाही, १० पिढ्या क्रॉस केलं तरी सोबत येतं, द्राक्षाच्या रोपाबरोबर नर्सरीतनं मिलीबग घरी यावा तसं.

कॅस्पेस-१ चंच बघा. १९९५ मधे हा जीन काढलेले उंदीर जिवाणूंच्या विषाचा जीवघेणा डोस देऊनही तगले, सगळं श्रेय कॅस्पेस-१ ला. २०११ मधे कळलं की १२९ जातीत शेजारचा कॅस्पेस-११ मुळातच बिघडलेला असतो, आणि तो बिघाड या उंदरांत गुपचूप आलेला! कॅस्पेस-१ नसलेल्या उंदरांत कॅस्पेस-११ परत घातला तर ते पुन्हा मरायला लागले. म्हणजे १६ वर्षं खरा आरोपी बाजूच्या घरात.

आता क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने थेट ब्लॅक ६ मधेच बदल करता येतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ब्लॅक ६ तरी कुठे एक आहे? त्याच्या ‘जे’ नावाच्या उपजातीत एनएनटी हा जीन अर्धवट, त्याने इन्सुलिनवर परिणाम होतो, आणि ‘एन’ नावाच्या उपजातीत डोळ्याचा पडदा खराब करणारं म्युटेशन. डायबेटिसच्या प्रयोगात नॉकआउट ‘एन’चा आणि तुलनेला ‘जे’चा उंदीर घेतला तर काय डोंबल कळणार.

म्हणून विनंती एवढीच की अशा बातमीत दोन ओळी वाढवा, उंदीर कुठल्या जातीचा-उपजातीचा आणि तुलनेचे उंदीर त्याच आईच्या त्याच वेतातले होते की बाहेरून विकत आणलेले. मूळ शोधनिबंधात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, वार्ताहराने खाली मेथड्सपर्यंत, म्हणजे प्रयोग कसा केला त्या भागापर्यंत, स्क्रोल केलं की सापडतं.

— एक फार्मसी शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक