ज्या जागचे झाड गेले, त्याच जागी झाड हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीत मी राहायला आले तेव्हा फाटकापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर 22 झाडे होती. गेल्या आठवड्यात नातवाला बरोबर घेऊन मुद्दाम मोजली, तर 9 भरली. गेलेल्या 13 पैकी 5 ठिकाणी निदान खुंट तरी आहेत. बाकी 8 जागांवर पेव्हर ब्लॉक बसले. तिथे कधी झाड होते हे नव्या माणसाला सांगूनही पटणार नाही.

सगळी झाडे उगाच तोडली, असे मी म्हणत नाही. वळणावरचा बूच पावसाळ्यात आडवा झाला. बुचाचे लाकूड ठिसूळ असते, तो पडतो, हे मला मान्य आहे. पण त्याच्या शेजारचा धडधाकट कडुनिंब का पडला? आदल्या उन्हाळ्यात केबल टाकायला खोडापासून दोन हातांवर चर खणला होता. मनगटाएवढी मुळे तोडून मातीच्या ढिगावर टाकलेली मी स्वतः पाहिली. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरतात. एका बाजूची मुळे तोडल्यावर झाड उभे राहणार कशाच्या आधारावर? ते झाड गेल्याचे मला आजही वाईट वाटते.

याबद्दल आम्ही काही रहिवाशांनी अर्ज दिला. तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या बदल्यात रोप लावले आहे, असे उत्तर मिळाले. रोपे लावली आहेत, हे खरे. पण ती पाण्याच्या टाकीमागे, कुंपणालगत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. वाढली तरी एकमेकांना गुदमरवतील, आणि तिकडे फिरकतेही कोणी नाही. शाळेच्या बससाठी मुले उभी राहतात ती वळणावर, जिथे बूच होता. दुपारी परत येतात तेव्हा त्या कोपऱ्यावर डोक्यावर काही नसते आणि पायाखालच्या ब्लॉकमधून झळ येते. टाकीमागच्या रोपाची सावली त्यांच्यापर्यंत कशी पोहोचणार? कागदावर संख्या जुळली म्हणून रस्त्याचे झाड परत आले, असे होत नाही.

त्याच जागी लावायचे तर थोडे कष्ट आहेत. खुंट मुळापासून काढावा लागेल, किंवा दोन पावले बाजूला सरकून खड्डा घ्यावा लागेल. खालचा राडारोडा उपसून चांगली माती भरावी लागेल. आळ्यासाठी निदान चार फूट लांब-रुंद जागा उघडी राहिली पाहिजे, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. रोप लावताना पिशवी पूर्ण काढावी, गोल गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत. खोड मातीत पुरू नये, नाहीतर बुडाशी कुजते. आधाराच्या काठीचे बांधणेही वेळेवर सोडावे. आमच्याच रस्त्यावर एका करंजाच्या सालीत तार रुतून बसली आहे. पाणी दोन-तीन उन्हाळे न चुकता घालावे लागते, आणि खरी गोम इथेच आहे. लावण्याच्या दिवशी सगळे हजर असतात, पहिल्या उन्हाळ्यात कोणी नसते.

आता तेराही जागी एकाच जातीची, लवकर वाढणारी झाडे लावावीत, असा विचार चालू असल्याचे ऐकते. कृपया तसे करू नये. अमेरिकेतील वृक्षतज्ज्ञ फ्रँक सॅन्टामोर यांनी 1990 मध्ये शहरातील झाडांसाठी एक नियम सुचवला होता : एका जातीची झाडे 10 टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) 20 टक्क्यांहून आणि एका कुळातली (अशा गटांच्या मोठ्या कुटुंबातली) 30 टक्क्यांहून अधिक नसावीत. एकच कीड आली आणि सगळा रस्ता उजाड झाला, असे होऊ नये हा त्यामागचा हेतू. आमच्या छोट्या रस्त्यावर टक्केवारी काटेकोर पाळता येणार नाही, पण करंज, बहावा, ताम्हण, कडुनिंब अशी चार-पाच जातींची झाडे सहज लावता येतील.

पाणी घालायला आमची सहा घरे तयार आहेत. कोणी कोणत्या रोपाला घालायचे, तेही ठरले आहे. पुढच्या महिन्यात मैदानाकडच्या टोकाला ब्लॉक बसवण्याचे काम सुरू होईल. त्याआधी या 5 खुंटांभोवतीची जागा चुन्याने आखून मोकळी सोडावी, एवढे तरी संबंधितांनी तातडीने करावे, ही विनंती.

आपली,
वसाहतीतील एक रहिवासी