मोजे रांगेतच उतरवून घ्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी अस्थिरोग विभागात परिचारिका आहे. गेली २१ वर्षं खुबा मोडलेली म्हातारी माणसं माझ्या वॉर्डात येताना बघते आहे. कुणी न्हाणीघरात घसरलेलं असतं, कुणी रात्री अंधारात उठताना कोलमडलेलं, कुणी तर नुसतं मागे वळताना पडलेलं. नातेवाइकांना विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "वय झालंय, तोल गेला." आम्हीही केसपेपरवर तेवढंच लिहितो. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, हातात वॉकर दिला जातो आणि पेशंट घरी जातो. तो पडला कशामुळे, हे विचारायचं राहूनच जातं.

दोन वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात माझे वडील दाखल झाले. वय ७८, डावा खुबा मोडलेला.

शस्त्रक्रियेआधी त्यांचे पायमोजे मीच उतरवले. उजव्या अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड, पिवळं झालेलं आणि पुढे वाढून शेजारच्या बोटावर वळलेलं. त्या बोटाच्या कडेला नखानं पाडलेली खाच. करंगळीखाली तळव्यावर मण्याएवढं कडक कुरूप. बोटांच्या बेचक्यांत कातडी ओली, पांढरी पडलेली. मी खाच पडलेल्या बोटाला हात लावला तरी बाबांना कळलं नाही. ते छताकडे बघत होते.

"बाबा, नखं कधी कापली होतीत?"

"वाकता येत नाही गं. कंबर धरते. आणि खाली नीट दिसतही नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू दिवसभर हेच करतेस. घरी आल्यावर पुन्हा तुला माझे पाय दाखवू?"

मंत्रिमहोदय, मी त्यांची मुलगी, शिवाय परिचारिका, आणि त्यांचे पाय मी कित्येक महिन्यांत बघितले नव्हते. ही बोच माझी मला आहे. पण त्यांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यांची तपासणी होते. त्या रात्री मी त्यांची फाइल पहिल्या पानापासून वाचली. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, सगळ्याच्या नोंदी होत्या. पायांबद्दल एक ओळ नव्हती. इतक्या वर्षांत बाबा प्रत्येक वेळी बूट-मोजे घालून खुर्चीवर बसले आणि बूट-मोजे घालूनच उठले.

त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांवर मी ठपका ठेवत नाही. गर्दीच्या वेळी एका पेशंटला चार-पाच मिनिटं मिळतात. म्हातारा माणूस वाकून बूट काढेपर्यंत, मोजे उतरवेपर्यंत आणि परत घालेपर्यंत ती संपून जातात. शिवाय फॉर्मवर पायांसाठी रकानाच नव्हता, आणि दवाखान्यात जे फॉर्मवर नसतं ते बघितलं जात नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

बाबा कसे पडले, ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुरूप टोचायचं म्हणून गेले काही महिने ते पायाच्या आतल्या कडेवर भार देऊन, छोटी छोटी पावलं टाकत, जवळजवळ पाय घासत चालायचे. आम्ही म्हणायचो, आता वयाप्रमाणे चाल मंदावली. त्या रात्री ते लघवीला उठले, अनवाणी होते. न्हाणीघराच्या दाराशी पायपुसण्याच्या धाग्यात अंगठ्याचं ते नख अडकलं. बधिर पायाला अडकल्याचं कळलंच नाही. पाऊल पुढे टाकायला गेले, ते पुढे आलंच नाही.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेतं : डोळे, आतला कान, आणि पायाचे तळवे व सांधे. वय वाढतं तशी नजर अधू होते, आतल्या कानाचं काम मंदावतं, म्हणजे उतारवयात भिस्त पायांवरच जास्त. नेमके तेव्हाच पाय दगा देऊ लागतात. तळव्याखालची चरबीची गादी झिजते, घोटा आखडतो, बोटांची पकड सैल होते. मधुमेह असेल तर तळव्याची जाणीवच हळूहळू मावळते. एका पावलात २६ हाडं असतात. ठेच लागल्यावर झोक सावरायला बोटं जमिनीत रुतवावी लागतात, अंगठा तर सगळ्यात जोरात. ज्याचा अंगठाच दुखतो आहे तो सावरणार कशाच्या आधारावर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच मोठं कारण, आणि मरणाऱ्यांत सर्वांत जास्त साठीच्या पुढचे. दवाखाना गाठावा लागेल इतकं लागलेल्या पडण्याच्या घटना वर्षाला ३ कोटी ७३ लाख. रस्ते अपघातांसाठी हेल्मेट आहे, सीटबेल्ट आहे, दंड आहे, जाहिराती आहेत, आणि ते सगळं हवंच. घरात पडणाऱ्या माणसासाठी आपण काय केलं आहे?

आता माझं मागणं सांगते. ६५ वर्षांवरचा माणूस कोणत्याही तक्रारीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात आला, की त्याचे बूट-मोजे रांगेतच उतरवून घ्यावेत. डॉक्टरकडे वेळ नसतो, पण रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे वेळच वेळ असतो. आत जाण्याआधी वजन आणि रक्तदाब बघणारी आरोग्यसेविका तिथे असतेच. तिनंच दोन्ही पावलं वरून, खालून आणि बेचक्यांत बघावीत आणि केसपेपरवर नोंद करावी. त्यासाठी केसपेपरवर एक रकाना छापायला हवा, आणि तो आपल्या एका आदेशानं होऊ शकतो.

पायाची जाणीव तपासायला यंत्र लागेल अशी शंका कुणी काढेल. तळव्याला टेकवून बघायचा, १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू मिळतो, तो प्रत्येक केंद्रात असावाच. पण तो नसला तरी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयातल्या मंडळींनी एक साधी पद्धत शोधली आहे. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटानं एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचं नाही. स्पर्श कळला की त्यानं सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं समजायचं. बाबांना घरी आणल्यावर मी हे करून बघितलं. सहापैकी दोनच जागी ते "हो" म्हणाले. बाकी चार वेळा डोळे मिटून वाट बघत बसले, मी अजून हात लावलाच नाही असं समजून.

पाय बघितल्यावर तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षभरात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना डळमळायला होतं का, आणि पडायची भीती वाटते का. तज्ज्ञांच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत हेच प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न फालतू समजू नये. एकदा पडलेला माणूस भीतीनं चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्या-पोटऱ्यांतली ताकद जाते, आणि मग तो खरोखरच पुन्हा पडतो. वॉर्डात परत आलेल्या कितीतरी जणांची गोष्ट हीच असते.

नुसती नखं कापून पडणं थांबेल, असं मात्र मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे पाय दुखणाऱ्या ३०५ ज्येष्ठांवर एक चाचणी झाली, २०११ साली ती प्रसिद्ध झाली. नखं, कुरूपं यांची नेहमीची निगा दोन्ही गटांना मिळत होती. एका गटाला त्याशिवाय बुटात घालायचे आधार, योग्य पादत्राणांचा सल्ला आणि ती घेण्यासाठी पैशांची मदत, घरी करायचे पावलांचे आणि घोट्याचे व्यायाम आणि पडणं टाळण्याची माहितीपुस्तिका दिली. वर्षभरात त्या गटात पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे निगा हवी, तिच्या जोडीला व्यायाम हवा, आणि पायात काय घातलं आहे तेही बघायला हवं.

पादत्राणांबद्दल तर घरोघरी अज्ञान आहे, माझ्याही घरी होतं. वयाबरोबर पाऊल रुंदावतं, तरी माणसं वर्षानुवर्षं तोच नंबर घेतात. टाचेला पट्टा नसलेल्या सैल सपाता बऱ्या वाटतात, पण त्या पायात टिकवायला बोटं आखडून, पाय घासत चालावं लागतं. मऊ, जाड तळाचे बूट सुखाचे वाटतात, पण त्यातून जमीन नीट कळत नाही. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून चालणं तर सगळ्यात वाईट. टाच बंद असलेलं, पट्ट्यानं किंवा नाडीनं घट्ट बसणारं, बुटक्या टाचेचं, पातळ पण कडक आणि न घसरणाऱ्या तळाचं पादत्राण हवं, आणि घरातही हवं. मोजायचं ते संध्याकाळी, उभं राहून, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

ही माहिती देणारं, नखं आणि कुरूपं नीट काढून देणारं माणूस प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असायला हवं. पायांची निगा हा काही देशांत स्वतंत्र पदवीचा विषय आहे. तशी माणसं तयार व्हायला वर्षं लागतील, पण परिचारिकांना थोड्या दिवसांत पुष्कळ शिकवता येईल. तोवर माणसं घरी स्वतःच उपाय करत राहणार, आणि ते उपाय मी वॉर्डात बघते. कुरूप ब्लेडनं खरवडलेलं असतं. कुरुपावर लावायची आम्लाची पट्टी बधिर पायाला चिकटवून खाली जखम झालेली असते. एक आजी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या, पाणी पोळतंय हे पायांना कळलं नाही, आणि दोन्ही घोट्यांपर्यंत फोड आले. पाणी आधी कोपरानं बघावं, इतकं साधं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पडण्याची कारणं पायांपुरती नाहीत, हे मी जाणते. झोपेच्या गोळ्या, उठून उभं राहताच घसरणारा रक्तदाब, मोतीबिंदू, अंधारा जिना, या सगळ्यांकडे बघायला हवं. पण गोळ्यांबद्दल डॉक्टर निदान विचारतात, मोतीबिंदूची शिबिरं होतात. पाय मोज्यांत झाकलेले राहतात.

आणि खर्चाचं म्हणाल तर आमच्या वॉर्डात या. खुबा मोडल्यावर भूलतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृह लागतं, आत बसवायचा धातूचा सांधा लागतो, पुढे कित्येक महिने घरातलं एक माणूस अडकतं. एवढं करूनही, अनेक देशांतल्या नोंदींनुसार, पाचातला एक तरी पेशंट वर्षभरात दगावतो. त्याच्या शेजारी एक खुर्ची, एक दिवा, जाड नखांची कात्री आणि दहा मिनिटं ठेवून बघा.

बाबा वाचले. घरात काठी घेऊन चालतात. जिना अजून एकट्यानं उतरत नाहीत. दर रविवारी सकाळी मी त्यांचं पाऊल मांडीवर घेते. नख सरळ कापते, कोपरे खोल घेत नाही, बेचक्या कोरड्या करते, टाचेला मलम लावते. पहिल्या काही रविवारी ते अवघडून बसायचे. आता स्वतःच पाय पुढे करतात.

माझ्यासोबतच्या चार परिचारिकांनी आणि मी ठरवलं आहे, की आपल्या विभागानं आरोग्यसेविकांसाठी असं प्रशिक्षण सुरू केलं तर आम्ही आमच्या सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवू. मानधन नको. सुरुवात एकाच केंद्रापासून करू. रांगेशेजारी एक कोपरा, दोन खुर्च्या आणि चांगला उजेड एवढी सोय आपण करून द्यावी, आणि केसपेपरवर तो रकाना छापून घ्यावा. कोणत्या दिवशी, कुठे यायचं ते कळवा.

आपली नम्र,
अस्थिरोग विभागातली एक परिचारिका