बाबा, ईराची परीक्षा बदलली आहे

एडिसन, न्यू जर्सी
जुलै 2024

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, रविवारी ईराच्या एसएटीचा, म्हणजे इथल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेचा, विषय निघाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता सगळं कॉम्प्युटरवर, कॅल्क्युलेटरसुद्धा हाताशी. मग माझं काय काम?" ईरा समोर होती म्हणून तेव्हा बोलले नाही. फोनवर नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तुमचं काम आता वाढलं आहे.

अथर्वच्या वेळचं ते जाड पुस्तक कपाटात ठेवून द्या. तो एसएटीला बसला तेव्हा ती तीन तासांची, कागदावरची होती. भारतात आणि इतर देशांत ती गेल्या वर्षी डिजिटल झाली, इथे यंदाच्या मार्चपासून. आता 2 तास 14 मिनिटं आणि 98 प्रश्न: इंग्रजीचे 54, गणिताचे 44. गुण तेच, 1600 पैकी.

पण खरा बदल पुढेच आहे. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असतात. पहिला भाग कसा सोडवला ते पाहून दुसरा भाग अवघड द्यायचा की सोपा, हे संगणक ठरवतो. सोपा आला, तर तो सगळा बरोबर सोडवूनही अगदी वरचे गुण मिळत नाहीत. म्हणजे घाईत उणे चिन्ह गाळायची ईराची सवय गणिताच्या पहिल्या 35 मिनिटांतच नडणार. ती सवय तुम्हीच मोडू शकाल. तुम्ही "पुन्हा बघ" म्हणालात की ती मुकाट्याने पुन्हा बघते. मी तेच म्हटलं की चिडते.

कॅल्क्युलेटरचं म्हणाल, तर पूर्वी गणिताचा एक भाग त्याच्याशिवाय सोडवायचा असे, तो आता गेला. परीक्षेच्या ॲपमध्येच आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे. पण उदाहरण वाचून समीकरण मांडायचं ते तिलाच, आणि तिथेच ती अडखळते. जवळजवळ 70 टक्के गणित हे बीजगणित आणि त्याच्या पुढचंच आहे. म्हणून तिच्याकडून आधी वहीत मांडणी करून घ्या, मग खुशाल आलेख काढू दे. आणि एक, "खात्री नसेल तर सोडून दे" असं तिला सांगू नका. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा राहता कामा नये.

आई, आता तुझं. इंग्रजीत पूर्वी लांबलचक उतारे असायचे आणि एकेकावर दहा-अकरा प्रश्न. आता पाच-दहा ओळींचा उतारा, त्यावर एकच प्रश्न. कधी कवितेच्या ओळीही असतात. तू तिला पेपरातलं एखादं स्फुट वाचून दाखवतेस आणि "यात म्हटलंय काय, एका वाक्यात सांग" म्हणतेस, ते अजिबात बंद करू नकोस. मराठीत असलं तरी चालेल. नेमका मुद्दा धरायची सवय तिला त्यातूनच लागते आहे, हे मला तिच्या सराव परीक्षांत दिसतं.

अथर्वच्या वेळी कोविडमुळे बऱ्याच कॉलेजांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. इथल्या एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, यंदा डार्टमथ, ब्राउन, हार्वर्डनेही तसं जाहीर केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. म्हणून ईरा परीक्षा देणार आहे, पण माझ्या बारावीच्या वेळी घरात जो ताण होता तो मला इथे नको आहे. ही परीक्षा पुन्हा देता येते, आणि बरीच कॉलेजं दोन्ही विषयांतले वेगवेगळ्या वेळचे चांगले गुण धरतात.

येत्या रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसातला फक्त गणिताचा पहिला भाग घ्या. 22 प्रश्न, घड्याळ लावून. पाच मिनिटं उरली की तिला फक्त चिन्हं तपासायला लावा. प्रश्न मी दादाकडे पाठवले आहेत, तो मोठ्या अक्षरात छापून देईल. डोळ्यांना त्रास देऊन मोबाइलवर वाचू नका.

तुमची,
मीनल