घड्याळाची दक्षिण

पुणे,
२० डिसेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या स्काउटच्या शिबिरात तू मला एक युक्ती शिकवली होतीस : घड्याळ आडवे धरून तासकाटा सूर्याकडे रोखायचा आणि तो काटा व बाराचा आकडा यांमधला कोन दुभागायचा, की ती रेषा दक्षिण दाखवते. यंदा २५ मे रोजी, सकाळी साडेदहाला, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी ती प्रथमच नीट पडताळून पाहिली. हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा दक्षिण माझ्या डाव्या हाताला हवी होती. तुझ्या युक्तीने ती जवळजवळ पाठीमागे दाखवली. काटकोनाला थोडीच कमी अशी चूक!

घरी येऊन कागदावर आकडेमोड केली. तासकाटा तासाला ३० अंश फिरतो, सूर्य १५ अंश सरकतो, म्हणून कोन दुभागायचा, इथवर ठीक आहे. पण सूर्याची दिशाही क्षितिजाभोवती त्याच सारख्या चालीने बदलते असे यात गृहीत धरलेले आहे, आणि ते खरे फक्त ध्रुवावर. तुझे ऑस्लो ६० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तिथे, उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात तो एक तास वजा केलास तर, बऱ्यापैकी भागते. आमच्या गडावर, १९ अंशांवर, मे महिन्यातला सूर्य सकाळभर पूर्वेलाच राहून सरळ डोक्यावर चढतो आणि मग झपाट्याने पश्चिमेला कलतो. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्ही तो माथ्याच्या उत्तरेकडून जातो.

गेल्या रविवारी पुन्हा गडावर गेलो. सकाळी साडेनऊला होकायंत्राशी ताडून पाहिले, तर चूक फक्त दहा-बारा अंशांची निघाली, आणि तीही बरीचशी प्रमाणवेळेची. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची, गड ७३.८ अंशांवर, त्यामुळे खरी मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. ती ३५ मिनिटे वजा करून पुन्हा मोजले, तेव्हा चूक तीन-चार अंशांवर आली. हिवाळ्यापुरती तुझी युक्ती मला मान्य आहे.

एप्रिलमध्ये येशील तेव्हा मात्र घड्याळ खिशातच ठेव. कात्यायन शुल्बसूत्रातली, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथातली, रीत करून पाहू : सपाट जमिनीत खुंटी रोवून तिच्या उंचीइतक्या दोरीने भोवती वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खुणा करायच्या, आणि त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. फक्त त्यासाठी सहा तास एका जागी बसावे लागेल, आणि ते तुला शाळेतही कधी जमले नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक