मोठ्यांना पोहणं शिकवताना आधी श्वास शिकवा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पोहण्याबद्दल पेपरात अधूनमधून येतं, पण फोटोत बघावं तर सगळी दहा-बारा वर्षांची पोरं. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा पाण्यात उतरणारे आमच्यासारखे पण असतात हो, आणि त्यांचं शिकणं जरा वेगळं असतं, म्हणून हे पत्र.

मी 46व्या वर्षी बॅच लावली. सरांनी पहिल्या दिवशी कठडा धरून पाय मारायला लावले, तिसऱ्या दिवशी म्हणाले आता हात, जोरात, अजून जोरात! मी जितका जोर लावायचो तितकं कंबरेखालचं सगळं खाली जायचं, दहा मीटरवर धाप, आणि नाकातोंडात पाणी. सगळे म्हणाले तुमचा स्टॅमिना नाही. आता रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला दहा मीटरला धाप का लागते, हे काही कुणी विचारलं नाही.

झालं होतं असं की मी पाण्यात श्वास सोडतच नव्हतो. गाल फुगवून धरून ठेवायचा, मग वर आलं की सोडायचा पण आणि घ्यायचा पण, तेवढ्या पाव सेकंदात कसं जमणार? आणि जीव घाबरा होतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो म्हणून. हे मला सांगितलं बॅचमधल्या एका काकूंनी. त्यांनी सांगितल्याप्रमाणे छातीभर पाण्यात उभं राहून तोंड बुडवायचं, नाकातून हळूहळू बुडबुडे सोडायचे, अगदी ओठ मिटून "हूं" म्हणतो तसं, मग मान वर न काढता नुसती कडेला वळवायची, एक कान पाण्यातच, तोंडाने श्वास घेतला की परत खाली. आठवडाभर एवढंच केलं. पोरं हसायची, हसू देत.

दुसरं म्हणजे डोकं. "समोर बघा" हे मोठ्यांना सांगूच नये असं माझं मत आहे. छातीत हवा भरलेली असल्यामुळे ती तरंगते, पाय जड, त्यात डोकं वर काढलं की पाय आणखी खाली जाणार. मग तिरकं अंग पाण्यातून ओढत न्यायचं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट! नजर सरळ खाली, तळाच्या फरशीवर ठेवली तेव्हा कुठे माझे पाय वर आले. पाय मारताना मात्र गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखा मारायचो, घोटे कडक, त्यामुळे किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून मी एकदा चक्क मागे गेलो होतो.

आणि फ्रीस्टाईलच, म्हणजे एकेक हात फिरवत पोहणं, आधी हा हट्ट कशाला? ब्रेस्ट स्ट्रोक, ते बेडकासारखं पोहणं, म्हणजे म्हाताऱ्यांचं काम असं मला एकाने ऐकवलं. मॅथ्यू वेब या इंग्रज माणसाने 1875 साली इंग्लंड-फ्रान्समधली इंग्लिश खाडी ब्रेस्ट स्ट्रोकनेच पार केली, 21 तास 45 मिनिटं लागली, पण केली ना.

तर विनंती अशी की एखाद्या जाणकार प्रशिक्षकाकडून खास मोठ्यांसाठी लिहून घ्या, आणि त्यात एक गोष्ट नक्की येऊ द्या, तरंगत असताना परत पायावर उभं कसं राहायचं. पोरं उलटीपालटी होऊन कशीही उभी राहतात, मोठ्या माणसाची खरी भीती तिथेच असते, कमरेएवढ्या पाण्यात सुद्धा. पालथं असताना गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला लागले की मगच डोकं वर काढायचं. आपण नेमकं उलटं करतो, आधी डोकं काढतो, आणि गटांगळ्या खातो. मला हे 19व्या दिवशी जमलं, तोवर मी उभा राहायला लागलो की लाइफगार्डचा हात शिट्टीकडे जायचा.

आपला,
एक वाचक