दोन पेपरांमधली सुट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की शाळांमधले जादा तास वाढतात, रविवारही सराव परीक्षांत जातात, आणि मुलांवरच्या ताणाचा विषय निघाला की आपण सारे स्पर्धेला दोष देऊन मोकळे होतो. प्राथमिक शिक्षिका म्हणून अनेक वर्षे या परीक्षेला पर्यवेक्षक असताना मला मात्र त्या ताणाचा एक भाग अगदी घरच्या माणसांच्या हातात असलेला दिसला. तो म्हणजे दोन पेपरांमधली सुट्टी.

एकाच दिवशी दीड-दीड तासाचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिला सुटला की फाटकाशी ताटकळलेले पालक आधी प्रश्नपत्रिका मागून घेतात, डबा नंतर उघडतो. एका वर्षी पाचवीतली एक मुलगी पोळीचा घास हातात धरून वडिलांना उत्तरे सांगत होती. ते पेनाने खुणा करत होते आणि "अगं, हे तर घरी दहा वेळा करून घेतलं होतं," एवढेच म्हणाले, रागावलेही नाहीत. दुसऱ्या पेपरला ती माझ्याच वर्गात होती. मध्येच एक प्रश्न तिने सोडला, पण उत्तरपत्रिकेवरची त्याची ओळ मोकळी ठेवायची राहिली आणि पुढची सगळी वर्तुळे एकेक ओळ वर रंगवली गेली. शाईने भरलेले वर्तुळ खोडता येत नाही. वेळ संपत आल्यावर तिच्या ते ध्यानात आले, तेव्हा ती रडली नाही, नुसती उत्तरपत्रिकेवर हात ठेवून बसून राहिली. पर्यवेक्षक म्हणून मला काहीच करता येत नव्हते, आणि तो चेहरा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्या सुट्टीत प्रश्नपत्रिका पिशवीतच राहू द्यावी. मुलाने पोटभर खावे, पाणी प्यावे, घटकाभर सावलीत बसावे. शाळांनीही सराव परीक्षांचे गुण फळ्यावर क्रमाने लिहिणे थांबवावे आणि त्याऐवजी दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा व वर्तुळाचा क्रमांक जुळवून पाहण्याची सवय लावावी. ती लागली की निम्मी धास्ती कमी होते, हा माझा अनुभव आहे. मुलांनी मधल्या सुट्टीत केंद्रावरच एकत्र बसून डबा खावा आणि पालकांनी दुसरा पेपर सुटल्यावरच भेटावे, अशी सूचना परीक्षा परिषदेने प्रवेशपत्रासोबतच द्यावी.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा