आधी हिशोब लिही, मग संवाद

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझ्या फिल्मची संहिता दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. प्लॉट विकणारे चार सेल्समन, एक मॅनेजर, एक गिऱ्हाईक आणि मे महिन्यातलं नागपूर. विषय तू फार नेमका धरलास. आपल्याकडे माणसाजवळ चार पैसे साठले की तो रविवारी प्लॉट पाहायला निघतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. पण तुझी माणसं पहिल्या पानापासून ओरडतात आणि तरी त्यांच्या मानेवर कोणी बसलंय असं वाटत नाही. ते का होतंय, हे मला जेवढं उमगलं तेवढं सविस्तर लिहितो.

‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’, ती जमीन विकणाऱ्या सेल्समनची अमेरिकन फिल्म, तुझ्या डोक्यात आहे हे उघड आहे, आणि त्यातलाही अ‍ॅलेक बाल्डविनचा प्रसंग. बाहेरून आलेला साहेब, पहिलं बक्षीस कॅडिलॅक गाडी, दुसरं सुऱ्यांचा सेट, तिसरं म्हणजे घरी जा. सगळ्यांना तोच आठवतो. पण तो प्रसंग मूळ नाटकात नाहीच. डेव्हिड मॅमेट यांचं नाटक १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं, १९८४ ला त्याला पुलित्झर मिळालं, ते सगळं या भाषणाशिवाय. जेम्स फोली यांनी १९९२ मध्ये फिल्म केली तेव्हा मॅमेट यांनी तो प्रसंग नव्याने लिहिला. म्हणजे दबावाचं मूळ त्या भाषणात नाही, ते दुसरीकडेच आहे. तू मात्र ते भाषण दोन वेळा लिहिलंस, एकदा मॅनेजरच्या तोंडी आणि एकदा मालकाच्या. दोन्ही काढ.

मूळ कुठे आहे ते शेवटच्या भागात दिसतं. ऑफिस फुटलंय, चोरी झालीय. जोनाथन प्राइसने केलेलं ते बिचारं गिऱ्हाईक सौदा मोडायला येतं, कारण कायद्याने त्याला तीन दिवसांची मुदत आहे आणि घरी बायकोने ठणकावलंय. अल पचिनोचा रोमा त्याला नुसतं थोपवून धरतो, कारण मुदत उलटून गेली की झालं. जॅक लेमनचा लेव्हीन क्षणात बडा गिऱ्हाईक बनून नाटक वठवतो. तेवढ्यात मॅनेजर, आपण मदतच करतोय असं समजून, चेक बँकेत गेलासुद्धा असं सांगून बसतो. सौदा गेला. रोमा त्याला फाडून खातो, मग लेव्हीनही त्याला झापतो, की थाप मारायची तर निदान कामाची मार. इथे मॅनेजर शांतपणे विचारतो: ती थाप होती हे तुला कसं कळलं? एरवी कागद रोज रात्री बँकेत जातात, फक्त त्या एका रात्री तो करार टेबलावर राहिला होता. हे ज्याला माहीत, तो रात्री ऑफिसात शिरलेला.

टेबलावर राहिलेल्या एका कागदावर सगळा शेवट उभा आहे. पाहणाऱ्याला त्या कागदाचा नियम आधीपासून ठाऊक असतो, म्हणून एका साध्या प्रश्नाने पोटात गोळा येतो. तुझ्या बेचाळीस पानांत असा एकही कागद नाही. ‘फाईल’, ‘डील’, ‘पेमेंट’ एवढंच येतं. म्हणून आधी कागद ठरव.

आपल्याकडे ती तीन दिवसांची मुदत तशीच्या तशी आणू नकोस. प्लॉटच्या सौद्यात तसा हक्क आपल्या कायद्यात नाही. विम्याच्या पॉलिसीला परत करायची ‘फ्री-लूक’ मुदत असते, पण तुझी माणसं विमा विकत नाहीत. मग घड्याळ कुठून आणायचं? चेकमधून. आणि इथे तुझी एक मोठी चूक आहे: तुझं गिऱ्हाईक टोकन यूपीआयने देतं. पैसे तिथेच गेले, थांबवायला काही उरलं नाही, प्रसंग मेला. टोकन चेकनेच दे. रक्कम मोठी ठेव म्हणजे शंका येणार नाही, कारण यूपीआयला एरवी दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. चेक शुक्रवारी संध्याकाळी घेतला. दुसरा शनिवार, बँक बंद. रविवार बंद. सोमवारी दहाला बँक उघडते आणि सव्वादहाला गिऱ्हाईक ऑफिसच्या पायऱ्या चढतं. चेक अजून मॅनेजरच्या खणात आहे की भरायला गेला, एवढंच सगळ्यांना कळायला हवं. स्टॉप पेमेंट हल्ली मोबाईलवरूनही होतं, हे पाहणाऱ्यालाही माहीत असतं, तेव्हा तेही वापर. नवरा समोर बसलाय, सेल्समन त्याला चहा पाजतोय, आणि घरी बायकोजवळ बँकेचं अ‍ॅप आहे. त्याचा फोन टेबलावर थरथरतो. तो उचलू नये म्हणून सेल्समन काय-काय बोलतो, तो तुझा प्रसंग.

रकमेचा हिशोब पूर्ण मांडून ठेव, पडद्यावर न आणतासुद्धा. धर, नागपूरबाहेरच्या बुटीबोरीकडचा ३० बाय ५०चा प्लॉट, म्हणजे १५०० चौरस फूट, दर २००० रुपये. झाले तीस लाख. सेल्समनला दोन टक्के, साठ हजार. त्यातले अर्धे इसारपत्रावर आणि अर्धे रजिस्ट्री झाल्यावर. पगार बारा हजार. तीन महिने काही सुटलं नाही. आता यात कायदा टाक: ५०० चौरस मीटरहून मोठा आणि आठाहून जास्त प्लॉटचा लेआऊट असेल तर महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. तीस लाखांवर तीन लाख. तुझ्या संहितेत तो पाच लाखांचा चेक घेतो. मला वाटतं तुझ्याकडून हे नकळत झालं, पण ते तसंच ठेव. जाणकाराला तिथेच कळेल की हा माणूस आता कुठल्याही थराला जाईल. फक्त मॅनेजरने आकडा पाहून क्षणभर थांबायला हवं, आणि काही न बोलता चेक खणात टाकायला हवा. त्याचंही पाप त्यात आलं.

शब्दही त्या धंद्याचे हवेत. ‘ग्राहक’ कोणी म्हणत नाही, ‘पार्टी’ म्हणतात. ‘भूखंड’ फक्त बातमीत असतो. तुझ्या सेल्समनने एनए (बिगरशेती) झालंय का, नकाशा मंजूर आहे का, सातबारा कोणाच्या नावावर आहे, या प्रश्नांना सराईत उत्तरं द्यावीत. आणि नागपुरात सगळ्यात वरचा शब्द आरएल. गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडलेला लेआऊट नियमित झाल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं हे पत्र आहे की नाही, यावर सौदा बसतो नाहीतर मोडतो. ‘आरएल आहे’ आणि ‘आरएल होऊन जाईल’ या दोन वाक्यांत पार्टीची आयुष्यभराची कमाई अडकलेली असते. तुझ्या सगळ्यात सज्जन पात्राच्या तोंडी हे दुसरं वाक्य एकदाच घाल, आणि ते म्हणताना तो खाली पाहील असं काही करू नकोस. त्याने पार्टीच्या डोळ्यांत पाहूनच म्हणावं.

लीडचंही तसंच. फिल्ममध्ये चांगल्या गिऱ्हाइकांची नावं मॅनेजरच्या ताब्यात असतात. त्यासाठी लेव्हीन लाचेवर उतरतो, तर मॅनेजर वीस टक्के आणि वर प्रत्येक नावामागे पन्नास डॉलर मागतो. आज नावं एक्सेलमध्ये येतात, सगळ्यांच्या फोनवर पोचतात. नावांची चोरी आता कोणाला पटणार नाही. मग आपल्याकडे कशाची टंचाई आहे? मला वाटतं, रविवारच्या गाडीची. मे महिन्यात ४५ अंशांत कोणतीही पार्टी स्वतःच्या दुचाकीने बुटीबोरीपर्यंत साईट पाहायला येत नाही. कंपनीची एसी गाडी एक, सेल्समन चार, रविवार एक. ज्याला गाडी मिळाली त्याचाच महिना निघाला. पहिला प्रसंग यावर बांधून पाहिला, तुझ्या एका सेल्समनवर आणि मॅनेजरवर:

— रविवारची गाडी मले द्या.
— लागली गाडी.
— कोणाले?
— लागली.
— सर, माह्या दोन पार्ट्या आहेत. बेसाच्या मॅडम तर पक्क्या, त्यायले मी स्वतः…
— मॅडमचा फोन आला होता.
— कधी?
— सकाळी. ऑफिसच्या नंबरवर.
— काय म्हणे?
— डिझेलचे अकराशे भरता का?

यात कोणी ओरडत नाही. मॅडमनी नाही म्हटलं हे मॅनेजरला माहीत आहे, तरी तो अकराशे रुपये मागतो. सेल्समनला संशय आलाय, पण पुन्हा विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, म्हणून तो विचारणार नाही. पुढे तो खिशात हात घालतो. संहितेत प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिही: या क्षणी याला समोरच्याकडून काय हवंय? जिथे उत्तर ‘आपली व्यथा सांगायचीय’ असं येईल ती ओळ खोड. तुझ्या सतराव्या पानावरचं मुलीच्या फीवरचं स्वगत सुंदर आहे, पण तो ते कोणाकडून काही मिळवण्यासाठी बोलत नाही. तेच मॅनेजरला सांगून गाडी मागायला लाव. मॅनेजर अर्ध्यात फोन उचलेल. तेव्हा ते लागेल.

रोमाचा सावज पकडण्याचा प्रसंग पुन्हा पाहा. बारमध्ये तो बराच वेळ जगण्यावर, भीतीवर, बायाबापड्यांवर बोलत राहतो आणि जमिनीचा शब्दही काढत नाही. माहितीपत्रक सगळ्यात शेवटी बाहेर येतं. तुझा सेल्समन दुसऱ्याच वाक्यात मिहान (विमानतळाजवळचा तो मोठा प्रकल्प) आणि समृद्धी महामार्ग सांगतो. मिहान तर आपल्याकडे पार्टीच आधी बोलून मोकळी होते. त्याला तर्री-पोह्यांच्या गाडीवर पार्टीच्या सासऱ्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलू दे.

आणि ते नायबोर्ग दांपत्य विसरू नकोस. लेव्हीन ८२ हजार डॉलरचा सौदा करून नाचत येतो आणि मग कळतं की त्या म्हातारा-म्हातारीला नुसतं सेल्समनशी बोलायला आवडतं, चेक वटणारच नाही. आपल्याकडे दर रविवारी साईट पाहायला येणारं, नाश्ता करून, नकाशाची घडी पर्समध्ये घालून जाणारं निवृत्त जोडपं असू शकतं. त्यांना वाईट दाखवू नकोस. एकटी माणसं आहेत ती.

बोलीचं: निम्मी पात्रं पुणेरी बोलतात, ते चालणार नाही. ‘करतोय’ ऐवजी ‘करून राहिलो’ हा नुसता लहेजा नाही, त्याने वाक्य लांबतं आणि तोडायची जागाही बदलते. ‘मी त्यायले फोन लावून राहि…’ इथे समोरच्याने कापायचं. संहितेत कापायच्या अक्षरावर तिरकी रेघ मार, नटाने अंदाजाने कापू नये. शिव्या कमी कर. ‘बे’ आपल्याकडे निम्मं काम करतो, आणि मॅनेजरला कोण ‘बे’ म्हणतो, कोण कधी म्हणायला लागतो, यावरून खुर्ची कशी सरकते ते दिसेल.

चित्रीकरणाचं थोडक्यात. बोलण्यावर बोलणं चढलं की एका कॅमेऱ्यावर तोडजोड होत नाही, दोन शॉटमधले आवाज जुळत नाहीत. म्हणून चढाओढ फक्त दोघं एकत्र दिसतात त्या शॉटमध्ये घे. एकेकट्याच्या जवळच्या शॉटला समोरच्याने ओळ पूर्ण होऊ द्यावी, कापाकापी नंतर संकलनात करता येते. प्रत्येक नटाला वेगळा लेपल माईक, वेगळा ट्रॅक. आणि कूलर! ऑफिसात तो दिसायलाच हवा, पण शॉट चालू असताना पंखा आणि पंप दोन्ही बंद. त्याची घरघर एकदा संवादात मिसळली की निघत नाही, आणि प्रत्येक शॉटमध्ये वेगळी पडल्याने तोडजोडीत टपाटप उड्या ऐकू येतात. कूलरचा आवाज वेगळा दोन मिनिटं घे, रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट घे, आणि नंतर खाली अंथर. कूलर बंद म्हणजे नटांना घाम येईल. येऊ दे, पण दर शॉटआधी शर्ट किती भिजलाय त्याचा फोटो काढून ठेव, नाहीतर एकाच वाक्यात पाठ कोरडी-ओली होत राहील. कॅमेरा शक्यतो ऐकणाऱ्यावर ठेव. लेमनचं काम पाहा, ज्याला व्हेनिसचं पारितोषिक मिळालं. त्याचं तोंड गोड बोलत असतं आणि डोळे समोरच्याचा हिशोब करत असतात.

पुढे हेच राज्य नाट्य स्पर्धेला करायचं मनात असेल तर ऑफिस आणि पोह्यांची गाडी एवढ्या दोनच जागांत बसव, आणि संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, वेळेत पाठव.

दुसरा खर्डा लगेच लिहायला घेऊ नकोस. आधी त्या कंपनीचा बुकिंग फॉर्म तयार कर, खराखुरा, दोन पानी: प्लॉट नंबर, खसरा नंबर, चौरस फूट, दर, टोकन, चेक नंबर, तारीख, रद्द केल्यास किती कापणार, आणि खाली सहीची जागा. तो भरून मला पाठव, गिऱ्हाइकाच्या अक्षरात.

तुझाच